जुनी खुर्ची घरी आणताना : लाकूड, सांधा, वीण आणि कायदा यांची पारख

घरात मांडल्या जाणाऱ्या जुन्या वस्तूंमध्ये खुर्चीचे स्थान वेगळे आहे. जुना दिवा, घड्याळ किंवा तसबीर केवळ पाहण्यापुरती ठेवता येते. खुर्चीवर मात्र रोज माणसाचा भार पडतो. त्यामुळे जुन्या खुर्चीची पारख दोन अंगांनी करावी लागते. ती आज निर्धोकपणे भार पेलते का, हे पहिले अंग होय. तिच्या वयाबद्दल आणि घडणीबद्दल जे सांगितले जाते ते खरे आहे का, हे दुसरे. खरेदीदार बहुधा दुसऱ्या प्रश्नात गुंततो आणि पहिला विसरतो. विक्रेत्याने सांगितलेली कहाणी ऐकण्यापूर्वी खुर्ची उलटी करून पाहावी, हा या क्षेत्रातील सर्वांत उपयोगी नियम आहे. लाकूड, सांधे, खिळे आणि वीण यांची साक्ष खुर्चीच्या खालच्या बाजूस मिळते.

‘अँटिक’ आणि ‘व्हिंटेज’

बाजारात हे दोन्ही शब्द सैलपणे वापरले जातात. सर्वसाधारण संकेतानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू ‘अँटिक’ मानली जाते, तर त्याहून अलीकडची, परंतु विशिष्ट काळाची शैली दाखवणारी वस्तू ‘व्हिंटेज’ म्हणवली जाते. भारतात या भेदाला कायद्याचाही आधार आहे. ‘पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम, १९७२’ अन्वये कलाकुसरीची वस्तू किमान शंभर वर्षे अस्तित्वात असेल तर ती पुरावस्तू ठरू शकते. म्हणून एकोणिसाव्या शतकातील कोरीव शिसवी खुर्ची आणि १९५०च्या दशकातील सागवानी खुर्ची यांना कायद्याची वेगवेगळी फूटपट्टी लागते.

तिसरा प्रकार जुन्या धाटणीच्या नव्या वस्तूंचा. जोधपूरसह अनेक ठिकाणी असे फर्निचर मोठ्या प्रमाणावर तयार होते. ते नवे म्हणून विकले जात असेल तर त्यात गैर काही नाही. चांगल्या लाकडाची प्रामाणिक प्रतिकृती ही डागडुजीने खिळखिळ्या झालेल्या अस्सल खुर्चीपेक्षा घरासाठी अधिक सोयीची ठरू शकते. प्रतिकृतीला अस्सल वस्तूची किंमत दिली जाते, तेव्हाच फसवणूक होते.

भारतातील जुन्या बैठकांचे प्रकार

आरामखुर्ची : लांब हात, मागे कललेली वेताची पाठ आणि खोलगट बैठक असलेली आरामखुर्ची कोकणापासून केरळपर्यंतच्या जुन्या घरांच्या ओसरीवर आढळते. मळेवाल्यांची खुर्ची म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात हातांखालून फिरवून पुढे काढता येणाऱ्या पट्ट्या असतात. त्यांवर पाय टाकून पहुडता येते. या खुर्चीला जागा पुष्कळ लागते. शहरी सदनिकेसाठी घेण्यापूर्वी पट्ट्या बाहेर काढलेल्या अवस्थेत तिची लांबी मोजणे आवश्यक आहे.

मुंबईचे शिसवी फर्निचर : एकोणिसाव्या शतकात मुंबईत काळसर शिसवी लाकडाचे दाट नक्षीचे फर्निचर घडवले जात असे. पानाफुलांची जाळीदार पाठ आणि प्राण्यांच्या आकाराचे पाय ही त्याची ओळख होय. या खुर्च्या वजनदार असतात. त्यांच्या नक्षीचे तुटलेले भाग नव्याने बसवलेले असण्याची शक्यता मोठी असल्याने डाव्या-उजव्या बाजूंच्या कोरीवकामाची तुलना करून पाहावी.

वाकवलेल्या लाकडाची खुर्ची : मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांमुळे परिचित झालेली ही काळी खुर्ची मूळची मध्य युरोपातील. मिखाएल थोनेट यांनी बीच जातीचे लाकूड वाफेने वाकवण्याचे तंत्र विकसित केले आणि १८५९ मध्ये ‘क्रमांक १४’ ही खुर्ची बाजारात आणली. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट एवढ्यातच ती जुळते. सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या पेटीत मावत. त्यामुळे ती दूरच्या बंदरांपर्यंत स्वस्तात पोहोचू शकली. अस्सल नगात पाठीची बाह्य कमान आणि मागचे दोन्ही पाय एकाच सलग दांड्यातून वाकवलेले असतात. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला कारखान्याचा शिक्का किंवा कागदी चिठ्ठी सापडू शकते. बीचचे लाकूड सागाइतके कीडरोधक नसल्यामुळे आपल्या दमट हवेत ही खुर्ची अधिक बारकाईने तपासावी लागते.

रुरकी खुर्ची : लष्करी छावण्यांसाठी तयार झालेली ही घडीची खुर्ची. रुरकी हे बंगाल सॅपर्स या अभियंता पलटणीचे मुख्यालय असून त्याच गावावरून तिला नाव पडले. तिचे सांधे सरसाने चिकटवलेले नसतात. चामड्याचे किंवा किंतानाचे पट्टे आणि बसणाऱ्याचा भार यांमुळे ती ताठ उभी राहते. डेन्मार्कचे वास्तुविशारद कॉरे क्लिंट यांनी १९३३ मध्ये केलेली ‘सफारी’ खुर्ची याच कल्पनेवर आधारलेली आहे.

झोपाळा आणि संखेडा : गुजरात, महाराष्ट्र आणि तमिळनाडूतील चेट्टिनाड भागात लाकडी झोपाळा हे घराचे मुख्य आसन होते. बडोद्याजवळील संखेड्याचे खरादीवर कातलेले, लाखेच्या रंगाने झळाळणारे सागवानी फर्निचर भौगोलिक मानांकनप्राप्त आहे. झोपाळा घेताना पाटापेक्षा कड्यांची तपासणी महत्त्वाची. एका दुव्यात दुसरा दुवा जेथे अडकतो तेथे पितळ झिजून पातळ होते. जुन्या वाड्यातील जाड तुळईवर टांगलेला झोपाळा सदनिकेच्या छताला टांगायचा झाल्यास हूक काँक्रीटच्या तुळईत किंवा स्लॅबमध्ये नीट बसवावा लागतो. त्यासाठी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

चंडीगढच्या खुर्चीचा धडा

गेल्या काही दशकांत जगभर सर्वाधिक चर्चिली गेलेली भारतीय खुर्ची राजवाड्यातली नसून सरकारी कचेरीतली आहे. चंडीगढच्या उभारणीच्या काळात स्विस वास्तुविशारद पिएर जान्नरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कार्यालये, न्यायालय, ग्रंथालये आणि विद्यापीठ यांसाठी साधे, मजबूत फर्निचर आखले. सागवानी चौकट, वेताची वीण आणि बाजूने उलट्या ‘व्ही’सारखे दिसणारे पाय हे त्याचे वैशिष्ट्य. ते स्थानिक कार्यशाळांत हातांनी घडवले गेले. त्यामुळे एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांच्या मापांत थोडा फरक आढळतो.

पुढे वीण फाटली, सांधे हलू लागले आणि या खुर्च्या गच्च्यांवर व अडगळीत रचल्या गेल्या. सरकारी खात्यांनी त्या भंगार म्हणून लिलावात काढल्या. विदेशी व्यापाऱ्यांनी त्यांची किंमत ओळखली. त्या दुरुस्त करून परदेशातील लिलावांत लाखो रुपयांना विकल्या जाऊ लागल्या. हे फर्निचर शंभर वर्षांचे नसल्यामुळे पुरावस्तू कायद्याचे संरक्षण त्याला मिळत नव्हते. अखेर २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाने चंडीगढच्या या वारसा फर्निचरची विक्री, लिलाव आणि निर्यात रोखण्याचे निर्देश दिले.

या प्रकरणातून घरगुती खरेदीदाराने घ्यावयाचे बोध दोन आहेत. एक म्हणजे, फाटकी वीण आणि हलणारा सांधा ही खुर्ची टाकून देण्याची कारणे नव्हेत. दोन्ही दोष दुरुस्त होतात. दुसरे म्हणजे, ‘चंडीगढची खुर्ची’ म्हणून आज जे विकले जाते त्यात प्रतिकृतींचा भरणा मोठा आहे. मूळ खुर्च्यांवर खात्याची आद्याक्षरे आणि क्रमांक रंगवलेले असत. परंतु रंगवलेली अक्षरे हा सहज नक्कल करता येण्याजोगा पुरावा आहे. ती सरकारी मालमत्ता होती, हे लक्षात घेता लिलावाच्या किंवा खरेदीच्या कागदपत्रांविना अशी खुर्ची अस्सल म्हणून घेणे दुहेरी जोखमीचे ठरते.

लाकूड आणि सांधे यांची साक्ष

सागाचे लाकूड सोनेरी-तपकिरी असते आणि हाताला किंचित तेलकट लागते. शिसव जड असून त्याच्या जांभळट-तपकिरी रंगात काळ्या रेषा दिसतात. रंगाचा जाड हात दिलेल्या खुर्चीत लाकडाची जात ओळखायची असेल तर बैठकीखालचा, पॉलिश न पोहोचलेला भाग पाहावा. तेथे हलके, पांढरट लाकूड दिसले आणि वर गडद रंग असेल तर शिसवाचा दावा संशयास्पद समजावा.

लाकूड वर्षानुवर्षे आकसते आणि ते तंतूंच्या दिशेपेक्षा आडव्या दिशेने अधिक आकसते. म्हणून खरादीवर गोल कातलेला जुना पाय कालांतराने किंचित लंबगोल होतो. मापकाने दोन दिशांनी व्यास मोजल्यास हा फरक दिसू शकतो.

खुर्चीच्या ताकदीचा खरा निकष मात्र सांधा हाच आहे. चांगल्या जुन्या खुर्चीत कुसू आणि खाच यांचा सांधा असतो. एका भागाचे निमुळते टोक दुसऱ्या भागातील खाचेत घट्ट बसवलेले असते आणि बहुधा लाकडी खुंटीने पक्के केलेले असते. तपासणीसाठी खुर्ची सपाट जमिनीवर ठेवून मागच्या दोन पायांवर हलकेच कलवावी, मग पाठ आणि बैठक विरुद्ध दिशांना दाबावी. सांध्यात थोडी हालचाल जाणवली तर सरस सुटल्याचे ते लक्षण आहे. सांधा उकलून, जुना सरस काढून तो पुन्हा बसवता येतो. मात्र मागचा पाय बैठकीच्या पातळीवर चिरला असेल, तर दोष गंभीर मानावा. बसणाऱ्याने पाठीला रेलताच सर्वाधिक ताण त्याच जागी येतो.

लोखंडी पट्ट्या, कोनी आणि सांध्यात ठोकलेले खिळे ही वाईट दुरुस्तीची चिन्हे होत. खिळ्यामुळे लाकूड फाटते आणि पुढची योग्य दुरुस्ती अवघड होते. स्क्रूही काळ सांगतात. अधिकाच्या चिन्हासारखी खाच असलेले स्क्रू १९३०च्या दशकानंतरचे आहेत. दीडशे वर्षांच्या म्हणवल्या जाणाऱ्या खुर्चीत सगळे स्क्रू तसेच असतील तर निदान दुरुस्ती तरी नंतरची आहे. हा एकच पुरावा मात्र निर्णायक मानू नये. हाताच्या करवतीच्या वेड्यावाकड्या खुणांचेही तसेच आहे. भारतात हाताने लाकूड कापण्याची पद्धत विसाव्या शतकातही चालू होती, त्यामुळे त्या खुणा प्राचीनत्व सिद्ध करत नाहीत.

झिजेची जागा हा त्याहून विश्वासार्ह पुरावा आहे. हात टेकतो तेथे हाताची टोके, टाच लागते तेथे पुढची आडवी पट्टी आणि जमिनीला घासणारे पायांचे तळ झिजलेले असतात. कोपरे-कंगोरे सर्वत्र सारखेच घासलेले असतील, तर ती झीज कार्यशाळेतली समजावी.

वेताची वीण

हाताने विणलेल्या बैठकीच्या चौकटीला सर्व बाजूंनी ओळीने भोके असतात. वेताच्या सालीच्या पट्ट्या त्यांतून ओवल्या जातात. आधी उभे आणि आडवे पदर, मग दोन दिशांनी तिरके पदर घातले जातात आणि शेवटी काठाची पट्टी बसवली जाते. त्यातून परिचित अष्टकोनी जाळी तयार होते. यंत्रावर विणलेली तयार जाळी वापरली असेल तर चौकटीत भोकांऐवजी खोबण असते आणि जाळीची कड त्यात पाचर दाबून बसवलेली असते. भोके बुजवून खोबण पाडलेली असल्यास बैठक नंतर बदलल्याचे उघड होते.

अनेक दुकानांत वेताऐवजी प्लास्टिकच्या पट्ट्या वापरल्या जातात. त्यांचा गुळगुळीत, एकसारखा रंग आणि गाठींचा अभाव यांवरून त्या ओळखू येतात. खऱ्या वेताची वीण सैल पडली असेल, पण तुटलेली नसेल, तर ती खालच्या बाजूने कोमट पाण्याने ओली करून सावलीत वाळवावी. वाळताना वेत आकसतो आणि जाळी पुन्हा ताणली जाते. विणलेल्या बैठकीवर उभे राहणे किंवा गुडघा टेकवणे टाळावे. भार एका बिंदूवर आला की पदर तुटतात.

संपूर्ण बैठक हाताने विणण्यास कुशल कारागिराला बराच वेळ लागतो. देशातील अनेक अंधशाळा आणि पुनर्वसन संस्थांनी दृष्टिहीन व्यक्तींना हे कौशल्य शिकवले आणि सरकारी कचेऱ्यांतील खुर्च्यांची वीण त्यांच्या हातांनी टिकून राहिली. प्लास्टिकच्या आणि गादीच्या खुर्च्यांमुळे हे काम घटले. जुन्या खुर्चीची वीण पुन्हा करून घेणे म्हणूनच एका कसबाला काम देणेही ठरते.

शरीराला साजेसे माप

जेवणाच्या किंवा कामाच्या खुर्चीची बैठक जमिनीपासून साधारण ४० ते ४५ सेंटिमीटर उंच असावी. बैठक आणि टेबलाचा पृष्ठभाग यांत २५ ते ३० सेंटिमीटरचे अंतर सोयीचे असते. जुन्या खुर्च्यांचे पाय कुजलेला भाग काढण्यासाठी अनेकदा कापलेले असतात, त्यामुळे त्या बुटक्या झालेल्या आढळतात. खोल आरामखुर्ची तरुणांना सुखद वाटली तरी गुडघेदुखी असलेल्या वृद्धांना तिच्यातून उठणे कठीण जाते. त्यांच्यासाठी उंच बैठक आणि घट्ट हात असलेली ताठ पाठीची खुर्ची अधिक योग्य ठरते. खरेदीपूर्वी किमान दहा मिनिटे बसून पाहावे.

कीड, रंग आणि पॉलिश

लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची बारीक गोल छिद्रे दिसली तरी कीड आज जिवंत आहे असे नव्हे. खुर्चीखाली काळा कागद अंथरून काही दिवस वाट पाहावी. कागदावर ताजी, फिकट पूड पडली तर कीड सक्रिय आहे. अशी खुर्ची उपचार होईपर्यंत इतर फर्निचरपासून दूर ठेवावी. सागाच्या गाभ्याच्या लाकडाला कीड सहसा लागत नाही, परंतु बाहेरच्या फिक्या थरातील लाकडाला ती लागू शकते.

जुन्या रंगीत खुर्च्यांबाबत विशेष सावधगिरी हवी. पूर्वीच्या तैलरंगांत शिसे असण्याची शक्यता असते. देशात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीचा रंग घरात कोरडा घासल्यास विषारी धूळ उडते आणि लहान मुलांना तिचा धोका सर्वाधिक असतो.

पॉलिशचा मोह हे जुन्या खुर्चीच्या नुकसानीचे सर्वांत सामान्य कारण आहे. लाखेच्या पॉलिशचा जुना थर, हातांच्या स्पर्शाने आलेली झळाळी आणि उन्हाने बदललेला रंग यांतून लाकडाचे वय दिसते. यंत्राने घासून वर चकचकीत रासायनिक लेप दिला की हा पुरावा कायमचा जातो, नक्षीच्या कडा बोथट होतात आणि जाणकारांच्या दृष्टीने मूल्यही घटते. आधी मऊ कोरड्या फडक्याने धूळ काढावी, मग किंचित ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे आणि गरज भासल्यास मेणाचा पातळ हात द्यावा. मेणाने काम भागत असेल तर पॉलिश करू नये आणि पॉलिशने भागत असेल तर लाकूड घासू नये. सांध्यांची दुरुस्ती मात्र पुढे ढकलू नये.

खरेदी आणि कायदा

मुंबईतील चोर बाजार आणि ओशिवरा, दिल्लीतील अमर कॉलनी, कोच्चीतील मट्टनचेरी, चेट्टिनाडमधील कराईकुडी आणि कोलकात्यातील रसेल स्ट्रीटची लिलावगृहे ही जुन्या फर्निचरची परिचित ठिकाणे आहेत. बिलावर ‘जुनी खुर्ची’ एवढेच न लिहिता लाकडाची जात, अंदाजे काळ आणि केलेली दुरुस्ती यांची नोंद मागावी. प्रामाणिक विक्रेता बदललेला पाय किंवा नवी वीण लपवत नाही.

पुरावस्तूंचा व्यापार करणाऱ्याला १९७२च्या कायद्यानुसार परवाना लागतो. पुरावस्तू देशाबाहेर नेण्यास खासगी व्यक्तींना मनाई असून उल्लंघनासाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि दंडाची तरतूद आहे. वस्तू पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून मिळवता येते. परदेशातील नातलगांकडे आजीची खुर्ची पाठवू इच्छिणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. शिसव आणि शिशम या दोन्ही वृक्षांचा ‘डालबर्जिया’ हा प्रवर्ग २०१७ पासून संकटग्रस्त प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या, म्हणजेच ‘साइट्स’च्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. त्यामुळे त्यांच्या निर्यातीला वेगळे नियम लागू होतात. हस्तिदंताची जडणघडण असलेली खुर्ची कितीही जुनी असली तरी विकत घेऊ नये. देशात हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आहे.

अनेक कुटुंबांत खरी जुनी खुर्ची बाजारात शोधावी लागत नाही. माळ्यावर, गावच्या घरात किंवा गच्चीच्या कोपऱ्यात ती फाटक्या विणीसह पडलेली असते. घर रिकामे करताना ती भंगारवाल्याला देण्यापूर्वी उलटी करून पाहावी. चौकट सागाची किंवा शिसवाची असेल, मागचे पाय न चिरलेले असतील आणि सांधे कुसवाचे असतील, तर सुताराचे काही दिवसांचे काम आणि विणकराचे कसब तिला पुन्हा बसण्याजोगी करू शकते. ती कोणी, केव्हा आणि कोठून आणली हे घरातील ज्येष्ठांना विचारून लिहून ठेवावे आणि तो कागद बैठकीखाली जपावा. पुढच्या पिढीसाठी तोच त्या खुर्चीच्या वयाचा सर्वांत भरवशाचा दाखला ठरेल.